रस्त्यालगतचं घर आणि मुलीचा खोकला: हवेवरचं संशोधन काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आठ वर्षांची मुलगी, चार महिने हटत नसलेला खोकला, वर्दळीच्या रस्त्याला लागून दुसऱ्या मजल्यावरचं घर. फोनवरचं ॲप बहुतेक दिवस हवा 'मध्यम' असल्याचं सांगतं. डॉक्टर म्हणाले, हवेमुळे असू शकेल. सासरे म्हणाले, आमची अख्खी हयात याच रस्त्यावर गेली, कुणाला काही झालं नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत: संशोधनात नेमकं काय सिद्ध झालंय, आणि आम्ही घर बदलावं का?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. शहराच्या हवेनं माणसं आजारी पडतात का? माझ्या मुलीचा खोकला त्यामुळेच आहे का? आणि मी आता काय करू? पहिल्याचं उत्तर ठाम 'हो' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर हजारो माणसांवरच्या अभ्यासातून मिळत नाही. ते मुलीच्या तपासणीतून मिळेल, आणि तेही कदाचित अर्धंमुर्धं. तिसऱ्यासाठी दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसायची गरज नाही. मी गेली वीसेक वर्षं हवा मोजायचं आणि मुलांच्या फुप्फुसांची ताकद तपासायचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खोकल्याचं, कारण ते निकडीचं आहे. लहान मुलाचा खोकला चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर त्याची नीट तपासणी करायची, असा बालरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. तुमच्याकडे चार महिने झालेत. दमा, क्षय, डांग्या खोकला, श्वासनलिकेत अडकलेली एखादी बारीक वस्तू, यांतलं काही नाही ना, हे पाहिल्याशिवाय 'हवेमुळे' म्हणून सोडून देऊ नका. प्रदूषण हे खरं कारण असू शकतं, तसंच ते सोयीचं कारणही ठरतं. एकदा त्याच्या नावावर बिल फाडलं की पुढची तपासणी राहून जाते. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून इतक्या ठासून सांगते.

आठ वर्षांच्या मुलीला स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी, सहज जमते. नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात फुंकायचं. हवा संपली असं वाटलं तरी फुंकतच राहायचं. मी समोर बसून 'अजून, अजून, अजून' म्हणत असते. मूल पहिल्यांदा गाल फुगवतं, दुसऱ्यांदा मध्येच हसतं, आणि चौथ्या-पाचव्या फुंकीला त्याला गंमत कळते. तीन फुंका नीट व्हाव्या लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत यावा लागतो, तरच ती चाचणी आम्ही धरतो. मग श्वासनलिका मोकळी करणारं औषध ओढायला देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा ठळकपणे वाढला तर दम्याचा संशय बळावतो. मात्र चाचणी नॉर्मल आली म्हणजे दमा नाहीच असं होत नाही. लक्षणं नसलेल्या दिवशी दम्याच्या मुलाचे आकडेही छान येतात.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. हवेचा धोका एकेका माणसापुरता बघितला तर लहान असतो, त्यामुळे एका घरातल्या, एका गल्लीतल्या माणसांवरून तो दिसतच नाही. दिसायला हजारो माणसं आणि बरीच वर्षं लागतात. शिवाय ज्यांना त्रास झाला ते एक तर रस्ता सोडून गेले किंवा हयात नाहीत. 'आम्हाला काही झालं नाही' असं सांगायला जे उरले, ते टिकलेलेच असतात. आणि ज्यांना झालं त्यांचं निदान हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया असं लिहिलं गेलं. हवा हे कारण मृत्यूच्या दाखल्यावर जवळपास कधीच लिहिलं जात नाही.

मग ते कळलं कसं? डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं, तेव्हा कळायला अवघड नव्हतं. त्या आठवड्यांतले जादा मृत्यू सुरुवातीला ४,०००च्या आसपास धरले गेले, आणि पुढच्या महिन्यांतले मृत्यूही मोजून नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला. पण असं धुकं नसताना, रोजच्या साध्या दिसणाऱ्या हवेचं काय?

त्यावरचा पाया घालणारा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. डग्लस डॉकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला. धूम्रपान, वजन, शिक्षण, कामाच्या जागची धूळ हे सगळं हिशेबात धरल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. उद्योगांनी आणि काही राजकारण्यांनी त्यावर रान उठवलं, मूळ माहिती दाखवा म्हणाले. ती हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं नेमलेल्या त्रयस्थ अभ्यासकांकडे सोपवण्यात आली, त्यांनी सगळं गणित नव्यानं केलं, आणि २००० साली निष्कर्ष तोच आला.

तरीही शंका काढता येते की सहा शहरांतली माणसंच वेगळी असतील. म्हणून मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा वेगळा आहे. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात पोलादाचा एक मोठा कारखाना कामगारांच्या तंट्यामुळे १९८६-८७ मध्ये वर्षभराहून जास्त काळ बंद राहिला. माणसं तीच, डॉक्टर तेच, डोंगरांमध्ये साचून राहणारी थंडीतली हवाही तीच. बदलला तो फक्त धूर. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांचे आकडे काढले तेव्हा दिसलं की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारानं भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त होती. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि भरतीही पुन्हा वाढली. एखादा दिवा लावून, मालवून, परत लावून पाहावा तसा हा पुरावा आहे.

सगळे पुरावे इतके स्वच्छ नसतात, हेही सांगायला हवं. डब्लिनमध्ये १९९० साली धुराचा कोळसा विकायला बंदी आली, हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी घटली, आणि श्वसनविकार तसंच हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी झाल्याचं २००२ मध्ये छापून आलं. पुढे त्याच गटातल्या काहींनी अधिक काटेकोर पद्धतीनं पुन्हा पाहिलं, तेव्हा हृदयविकारांतली घट देशभर आधीच सुरू असलेल्या घटीचाच भाग निघाली. श्वसनाच्या आजारांचा निष्कर्ष मात्र टिकला. आपलाच निकाल असा दुरुस्त करणाऱ्या शास्त्रावर माझा विश्वास जास्त बसतो.

तुमच्या घराच्या संदर्भात लंडनचाच २००७ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग सांगते. दमा असलेल्या ६० प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथून फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी जात, दोन तास चालवलं. दुसऱ्या एका दिवशी तेच लोक तेवढाच वेळ हाइड पार्कमध्ये चालले. दोन्ही जागा एकमेकींच्या शेजारी, शहर एकच. रस्त्यावर चालल्यावर त्यांच्या फुंकीचा आकडा बागेपेक्षा जास्त घसरला, सुमारे सहा टक्क्यांपर्यंत. ज्यांचा दमा आधीच जास्त होता त्यांच्यात तो अधिक घसरला. त्या दिवशी ॲपवर अख्ख्या शहराचा आकडा एकच दिसला असता.

मुलांबद्दल सर्वांत भक्कम माहिती दक्षिण कॅलिफोर्नियातून येते. तिथल्या बारा वस्त्यांतल्या मुलांची फुंक दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी मोजली गेली. अठराव्या वर्षी ज्यांची फुप्फुसं अपेक्षेच्या ८० टक्क्यांहूनही कमी भरली, अशांचं प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या वस्तीत १.६ टक्के आणि सर्वांत प्रदूषित वस्तीत ७.९ टक्के होतं. यातलं गांभीर्य असं की फुप्फुसं विशीच्या आसपासपर्यंतच वाढतात आणि पुढे आयुष्यभर हळूहळू उतरत जातात. चढण अपुरी राहिली तर उतरण खालूनच सुरू होते. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. तिथली हवा सुधारत गेली तशी नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं चांगली वाढली. पंधराव्या वर्षी कमी क्षमता असलेल्यांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. अधिक स्वच्छ गावात राहायला गेलेल्या मुलांचीही वाढ सुधारलेली दिसली. आठव्या वर्षी तुमच्या मुलीच्या हातात अजून बरीच वर्षं आहेत.

आता त्या 'मध्यम' या शब्दाकडे येते, कारण सगळा घोळ तिथे आहे.

आमच्याकडे टेफ्लॉनची एक पांढरी चकती असते, ४७ मिलिमीटर व्यासाची. ठरावीक तापमानाच्या खोलीत दिवसभर ठेवून, अतिसूक्ष्म काट्यावर तिचं वजन करतात. मग यंत्रात बसवून तिच्यातून मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढायची, चोवीस तास. एकूण २४ घनमीटर हवा होते. माणूस दिवसभरात श्वासावाटे घेतो ती साधारण याच्या निम्मी. हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर आणि त्याहून लहान कण, घनमीटरला सरासरी ६० मायक्रोग्रॅम असतील तर चकतीचं वजन जेमतेम दीड मिलिग्रॅमनं वाढतं, मिठाचे वीस-पंचवीस दाणे असावेत एवढं. पण चिमट्यानं उचलून उजेडात धरली की ती काळपट राखाडी झालेली असते. इतक्या वर्षांनंतरही ती चकती हातात आली की माझा स्वतःचा श्वास क्षणभर अडखळतो. हेच कण नाकात न अडकता फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात, तिथे दाह करतात, आणि तो दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा एवढा मोठा का, ते यातून कळतं.

सुरुवातीच्या एका अभ्यासात आम्ही ही यंत्रं शाळेच्या गच्चीवर ठेवली होती. जागा सुरक्षित, वीज हाताशी, नियमातही बसणारी. आकडे बरे आले आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे मुलांच्या दप्तरात अडकवता येतील अशी काजळी मोजणारी लहान यंत्रं मिळाली, तेव्हा पहिल्याच मुलाचा आलेख पाहून माझी चूक कळली. वर्गातले सहा तास रेघ जवळजवळ सपाट. पण शाळेच्या फाटकाशी, इंजिनं चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांमधल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत ती सुळक्यासारखी वर गेलेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात दुसरा सुळका. दिवसातल्या जेमतेम तासाभरानं त्या मुलाच्या दिवसभराच्या मात्रेचा मोठा हिस्सा भरला होता. गच्चीवरचं यंत्र खोटं बोलत नव्हतं, फक्त मूल गच्चीवर नव्हतं.

ॲपचंही तसंच आहे. तो आकडा बहुधा काही किलोमीटरवरच्या केंद्राचा आणि अनेकदा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. 'मध्यम' कशाला म्हणायचं याच्या पायऱ्या देशोदेशी वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं पीएम २.५ची वार्षिक मर्यादा २०२१ मध्ये १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, कारण खालच्या पातळीवरही अपाय दिसत राहिला आणि जिथे तो थांबतो असा उंबरठा सापडला नाही. शिवाय वाहनांच्या धुरातले नायट्रोजन डायऑक्साइड, काजळी आणि अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटरांत झपाट्यानं उतरतात. म्हणून रस्त्यावरच्या खिडकीतली हवा आणि दोन गल्ल्या आतली हवा यांत मोठा फरक असतो, आणि तो शहराच्या एका आकड्यात मावत नाही. दुसरा मजला असल्यानं थोडा फायदा होतो, पण दोन्ही बाजूंनी उंच इमारती असतील तर धूर मध्येच घुसमटून राहतो आणि तो फायदाही उरत नाही.

एका व्यक्तीच्या आजाराचं खापर हवेवर फोडता येतं का, याचं एक उदाहरण आहे. ते घाबरवण्यासाठी सांगत नाही. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये तीव्र दम्यानं गेली. तिला पंचविसाहून अधिक वेळा रुग्णालयात भरती करावं लागलं होतं. भरतीच्या तारखा आणि जवळच्या केंद्रावरचे प्रदूषणाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले, आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्यानं तिच्या मृत्यूला प्रदूषणानं हातभार लावल्याचा निर्वाळा दिला. तिचा दमा अतिशय दुर्मीळ, टोकाचा होता. तुमच्या मुलीशी त्याची तुलना करू नका. मुद्दा एवढाच की एका माणसाबद्दल बोलायला त्या माणसाच्या तारीखवार नोंदी लागतात.

तर इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: हवा अपाय करते हे पक्कं आहे, तुमच्या घराची जागा शहराच्या सरासरीपेक्षा वाईट असण्याची शक्यता दाट आहे, खोकल्याचं कारण अजून उघडं आहे.

आता करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर आधी मुलीची झोपायची खोली बदलली असती. ती रात्रीचे नऊ-दहा तास तिथे असते. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली तिला द्या, मग ती लहान का असेना. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बंद आणि रहदारी कमी असताना उघड्या. कायम बंद ठेवल्या तर ओल आणि कोंदटपणा वाढतो, तोही दम्याला वाईटच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाकीचं सगळं नंतर, आधी ते बंद. बाल्कनीत ओढलेलीही घरात येते. डासांची जळती कॉइल बंद करा. स्वयंपाक करताना धूर बाहेर फेकणारा पंखा लावा. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो.

शाळेला चालत जात असाल तर मुख्य रस्ता सोडून समांतर गल्लीनं जा, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. चालणं, खेळणं मात्र बंद करू नका. त्याचे फायदे फार मोठे आहेत, फक्त जागा आणि वेळ बदला.

एअर प्युरिफायरबद्दल: हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा घेतला आणि तो खोलीच्या मानानं पुरेसा असला तर खोलीतले कण नक्की कमी होतात. खोलीचं घनफळ काढा आणि त्याच्या साधारण पाचपट हवा तो तासाला साफ करतो का ते खोक्यावर बघा. ३० घनमीटरच्या खोलीला तासाला १५० घनमीटर लागतील. आयन किंवा ओझोन सोडणारे प्रकार घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वासनलिकेला झोंबतो. साधा हेपा नायट्रोजन डायऑक्साइड अडवत नाही. आणि कण कमी झाले म्हणजे खोकला थांबेलच असं नाही, त्याबाबतचे अभ्यास संमिश्र आहेत. मास्क एन ९५ दर्जाचा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा असेल तरच उपयोगी. लहान मुलांना तो क्वचितच नीट बसतो, म्हणून मुलीसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

घर बदलण्याबद्दल मी घाई करू नका असंच म्हणेन. निदान आधी होऊ द्या. दमा निघाला आणि औषध नियमित घेऊनही तो आटोक्यात येत नसेल, तर बदलाचा विचार जरूर करा. त्यासाठी शहर सोडावं लागत नाही. मुख्य रस्त्यापासून दोनशे-तीनशे मीटर आत, त्याच शाळेच्या परिसरात घर मिळालं तरी मोठा फरक पडतो. उलट लांबच्या 'स्वच्छ' भागात जाऊन मुलीला रोज दोन तास गाडीत रहदारीतून न्यावं लागलं, तर कमावलेलं बरंचसं वाटेतच जाईल. गर्दीत अडकलेल्या गाडीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा फारशी बरी नसते. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, आजूबाजूला नातेवाईक आहेत का, हे तुम्हालाच माहीत, आणि त्याचं वजन माझ्या आकड्यांइतकंच आहे.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा: रात्री किती वेळा खोकून उठली, धावल्यावर किंवा हसल्यावर खोकला येतो का, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का, त्या दिवशी कुठे कुठे होती. सुट्टीत कुठे बाहेर गेलात तर तिथल्या दिवसांची नोंद विसरू नका. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्पायरोमेट्री करायची का, ते स्वतःहून विचारा.